तंबू बाईचा होता, म्हणून सत्ताही तिचीच होती का?

माळरान :
'रानपाखरू' यांनी काल लिहिले की, उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या शायान या आदिवासी लोकांत तंबू बाईच्या मालकीचा असे आणि नवरा तिच्या माहेराशेजारी राहायला जाई, म्हणून त्या समाजात पुरुषसत्ता नव्हतीच. हे वाचून राहवले नाही. तंबू तिचा होता हे खरे. पण त्यासाठी दहा-वीस बायसनची कातडी खरवडणे, जनावराचाच मेंदू चोळून ती मऊ करणे, शिवणे आणि तळ हलला की तंबू उतरवून पुन्हा उभारणे हेही तिच्याच वाट्याला येई. जमातीचा कारभार पाहणाऱ्या चव्वेचाळीस प्रमुखांच्या सभेत मात्र एकही बाई नसे. बायको नकोशी झाली, तर नवरा नाचाच्या वेळी सर्वांसमोर ढोलावर काठी हाणून तिला टाकल्याचे जाहीर करू शके. ही चारचौघांतली बेइज्जती कोणत्या मालकीने भरून निघते?

रानपाखरू :
आपण निम्मेच सांगितलेत. टाकलेली बाई उघड्यावर पडत नसे, कारण आई-बहिणींचे तंबू शेजारीच असत. आणि नको असलेल्या नवऱ्याला सोडून तीही माहेरी परतू शके. साळिंदराच्या काट्यांचे भरतकाम करणाऱ्या बायकांचे स्वतंत्र मंडळ होते. व्रत घेऊन, जाणत्या म्हाताऱ्यांकडून विधी शिकून त्या हे काम करीत आणि पुरुष लढाईतले पराक्रम सांगत तशी आपण सजवलेली वस्त्रे मोजून सांगत. 17 जून 1876 रोजी अमेरिकी सैन्याशी झालेल्या रोझबडच्या लढाईत बफेलो काफ रोड वुमन हिने गोळीबारात घोडा घालून कम्स इन साइट या आपल्या भावाला उचलून आणले. शायान लोक ती लढाई आजही त्या बहिणीच्या पराक्रमावरूनच ओळखतात.

माळरान :
एकीच्या धाडसावरून सगळ्यांचे जिणे ठरत नाही. वयात आलेल्या मुलीच्या कमरेला आणि मांड्यांना शीलरक्षणाची दोरी बांधली जाई, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

रानपाखरू :
त्या दोरीला हात लावणाऱ्यावर मुलीचे नातलग चालून जात, हे आपण वगळलेत.

विदर्भकन्या :
मालकीने काय भरून निघते, हा प्रश्न मला झोंबला. माझ्या आईने जन्मभर ज्या शेतात निंदणी केली, त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव कधी चढलेच नाही, आणि वडील गेल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढले तेव्हा तिच्या हातात एक कागद नव्हता. शायान बाईचा तंबू कोणता दीर काढून घेणार होता? हा रोग बाहेरून आला. अमेरिकी सरकारने 1887 च्या कायद्यात 160 एकर जमीन कुटुंबप्रमुखाला देऊ केली आणि विवाहित बाईला वेगळा वाटाच ठेवला नाही.

माळरान :
आपल्या आईंवर अन्याय झाला, याबद्दल वाद नाही. पण त्या दुःखाच्या भरात इतिहास अर्धवट सांगू नका. 1891 मध्ये मंजूर झालेल्या करारानुसार ओक्लाहोमातल्या शायानांना बाया-मुलांसह माणशी 160 एकर मिळाले आणि उरलेली जमीन 19 एप्रिल 1892 रोजी बाहेरच्यांना खुली झाली. कागद बाईच्या नावे आला. तरीही प्रत्येक कुटुंबाला आपापल्या तुकड्यावर वेगळे बसवण्याचाच सरकारचा हेतू असल्यामुळे तिच्या पाठीशी उभा असलेला माहेरचा तळ विस्कटू लागला.

विदर्भकन्या :
मग बाईचे बळ शेजारच्या आई-बहिणींत होते, हे तुम्हीच कबूल केलेत. 'रानपाखरू' सुरुवातीपासून हेच सांगत आहेत, आणि माझ्या आईपाशी नेमके तेच नव्हते. तिचे माहेर चार तालुके पलीकडे होते. तिच्या गोष्टीला दुःखाचा भर म्हणून बाजूला सारू नका.

माळरान :
शब्द कठोर वाटला असेल, तर तो मागे घेतो. माहेर शेजारी असल्याने शायान बाईला आपल्याकडच्या सुनेपेक्षा भक्कम आधार होता, एवढे मान्य करतो, त्यापुढे नाही. चव्वेचाळीस जणांच्या सभेत बाई का नव्हती, याचे उत्तर अजून कुणीही दिलेले नाही.