कार्लसन पिट्सबर्गला गेला, आता फँटसीत त्याची किंमत काय धरायची?

सॅनहोजेकर (२३ सप्टेंबर २०२३)

मंडळी, इथे आइस हॉकी बघणारी चार टाळकी आहेत हे माहितीये म्हणून विचारतोय. आमच्या ऑफिसची फँटसी लीग आहे (खऱ्या प्लेअर्सच्या आकड्यांवर चालणारी कागदावरची टीम), कीपर लीग, म्हणजे गेल्या सीझनचे मोजके प्लेअर ठेवता येतात आणि बाकी सगळे परत ड्राफ्टमध्ये (पाळीपाळीने निवड) जातात. माझ्याकडे एरिक कार्लसन आहे. गेल्या वर्षी त्याला कोणी हात लावत नव्हतं म्हणून शेवटी शेवटी उचलला आणि पठ्ठ्याने ८२ मॅचमध्ये १०१ पॉइंट्स ठोकले, २५ गोल आणि ७६ असिस्ट. डिफेन्समनने शंभरी गाठायची म्हणजे १९९१-९२ च्या ब्रायन लीचनंतर हाच पहिला, वर तिसरी नॉरिस ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनची. मी तरीही लीग हरलो तो भाग वेगळा, गोली (गोलकीपर) घाण निघाले.

आता ६ ऑगस्टला सॅन होजे शार्क्सनी त्याला पिट्सबर्ग पेंग्विन्सला देऊन टाकला, मध्ये माँट्रियलला घेऊन तीन टीमचा व्यवहार. आणि ऑफिसमधला एक पेंग्विन्सवेडा तेव्हापासून मागे लागलाय की कार्लसन मला दे आणि क्विन ह्यूज घे, सरळ एकास एक. ह्यूजचे गेल्या वर्षी ७६ पॉइंट्स, पण गोल फक्त ७. एक ३३ चा, दुसरा २३ चा. आमच्या कॅटेगऱ्या गोल, असिस्ट, प्लस-मायनस (पॉवर प्लेचे गोल सोडून, तो बर्फावर असताना टीमने केलेले गोल वजा खाल्लेले), पॉवर प्ले (समोरचा एक जण बाहेर बसलेला) पॉइंट्स, शॉट्स आणि ब्लॉक.

माझं म्हणणं असं की सॅन होजेच्या भिकार टीममध्ये जर १०१ केले तर क्रॉस्बी, मालकिन, गेंत्झलसारखे फॉरवर्ड बरोबर असताना अजून वाढायला नकोत का? १० ऑक्टोबरला त्यांची पहिली मॅच आहे शिकागोशी, त्यांच्या नव्या पोराची, बेडार्डची पण पहिलीच, त्याच्या आत ठरवायचंय.

टोरांटो_तात्या (२३ सप्टेंबर २०२३)

दे. डोळे मिटून दे. वर एखादा ड्राफ्ट पिक काढता आला तर तोही काढ.

कारण सांगतो. १०१ हा आकडा बाजूला ठेव आणि त्याच्या आधीची तीन वर्षं बघ. २०१९-२० ला ५६ मॅचमध्ये ४०, नंतरच्या छोट्या सीझनला ५२ मॅचमध्ये २२, २०२१-२२ ला ५० मॅचमध्ये ३५ पॉइंट्स. दरवर्षी काहीतरी दुखापत, कधी अंगठा कधी हात. त्याआधी ओटावाच्या टीममध्ये ऐन भरात होता तेव्हा सुद्धा सगळ्यात जास्त ८२ केले होते. म्हणजे बत्तिशीत माणसाने आयुष्यातला विक्रम केला, आणि तू त्याच्यावर अजून चढ धरतोयस! गोलांचं तर सोडूनच दे, याआधी २१ च्या वर कधी गेला नव्हता, गेल्या वर्षी दोनशेच्या आसपास शॉट्सवर २५ गेले, म्हणजे बाराएक टक्के, त्याच्या नेहमीच्या हिशोबाने हे फार जास्त आहे. पक नेहमी इतके आत जात नाहीत राव.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच. सॅन होजेत पक कोणाकडे असायचा? याच्याकडे. पाठीमागून बाहेर कोण काढणार, हाच. पुढे कोण नेणार, हाच. पॉवर प्लेवर वरून कोण चालवणार, हाच. टीम हरत होती त्यामुळे कोच त्याला पुढे धावू नको असं म्हणणारच नव्हता. सीझनभरात २२ मॅच जिंकले फक्त ते, आणि त्यात याचं प्लस-मायनस होतं वजा २६. पिट्सबर्गमध्ये पक क्रॉस्बीकडे असतो. तो नसेल बर्फावर तर मालकिनकडे असतो. आणि निळ्या लाइनवर, म्हणजे डिफेन्सला, आधीच क्रिस लेटँग बसलाय, तो पण उजव्या हाताचा, तो पण पॉवर प्लेवाला, २०२८ पर्यंतचा करार घेऊन. एका पकवर पॉइंट मिळणार तीन जणांना, आणि हात लावणारे तिथे पाच आहेत.

माझा अंदाज ६५ ते ७० पॉइंट्स. वाईट नाहीत, पण ह्यूजपेक्षा कमीच.

खडकीवाला (२४ सप्टेंबर २०२३)

हॉकी वाचून आत आलो, वाटलं धनराज पिल्लेच्या गावातलं काहीतरी असेल, तर इथे बर्फ. आलोच आहे तर विचारतो, हे म्हणजे पडेल टीममध्ये एकच बॅट्समन सगळी ओव्हर स्वतः खेळून धावा करतो आणि मोठ्या टीममध्ये गेला की पाच नंबरला येऊन वीस बॉल मिळतात, तसलं प्रकरण का? आणि मागे खेळणारा माणूस २५ गोल करतोच कसा? आमच्यात फुलबॅक करतो गोल, पण तो पेनल्टी कॉर्नरवर.

टोरांटो_तात्या (२४ सप्टेंबर २०२३)

@खडकीवाला अगदी तसंच. आणि मागे वगैरे नावापुरतं, कार्लसन कागदावर डिफेन्समन आहे, बर्फावर तो चौथा फॉरवर्ड असतो. तुमच्या पेनल्टी कॉर्नरच्या जागी इथे पॉवर प्ले धरा, समोरचा एक जण पेनल्टी बॉक्समध्ये, आपले पाच त्यांचे चार, दोन मिनिटं. पण गंमत म्हणजे गेल्या वर्षी त्याचे बहुतेक पॉइंट्स पॉवर प्लेचे नव्हतेच, पाच-पाच असतानाचे होते. म्हणूनच मी म्हणतो ते परत होणं अवघड.

बेएरियातला_बाबू (२४ सप्टेंबर २०२३)

तात्या तुम्ही ३३ म्हणजे म्हातारा असं धरूनच बसलाय. ब्रेंट बर्न्सचं काय? त्यालाही शार्क्सनीच दिला होता, जुलै २०२२ ला कॅरोलायनाला, वय ३७, पगाराचा तिसरा हिस्सा स्वतः भरून. बदल्यात मिळालं काय तर लॉरेंत्झ, एक गोली आणि तिसऱ्या राउंडचा पिक. सगळे म्हणाले संपला. आणि तिकडे जाऊन त्याने ६१ पॉइंट्स केले, १८ गोल, आदल्या वर्षी सॅन होजेत ५४ होते. चांगल्या टीममध्ये गेल्यावर डिफेन्समन वाढतो याचा हा ताजा पुरावा, त्याच टीममधून गेलेला.

शिवाय प्लस-मायनस तुमच्या कॅटेगरीत आहे ना. वजा २६ वरून नुसता शून्यावर आला तरी केवढा फायदा. मी तरी ठेवला असता.

टोरांटो_तात्या (२४ सप्टेंबर २०२३)

बाबू, बर्न्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कॅरोलायनाने त्याला घेतला त्याच आठवड्यात टोनी डीअँजेलो फिलाडेल्फियाला गेला होता. म्हणजे पॉवर प्ले चालवायची खुर्ची रिकामी होती, बर्न्स जाऊन बसला. वयाचा मुद्दा मी मांडलाच नाही, मांडला तो दुखापतींचा. मोठा ट्रेड झाला की लोक बघतात माणूस कोण गेला, मी बघतो त्या जागेवर आधी कोण होतं आणि तो उठला का. पिट्सबर्गमध्ये लेटँग उठलेला नाही.

प्लस-मायनसचं मात्र मान्य, तिथे तो सुधारेल.

अलेघेनीकाठची (२५ सप्टेंबर २०२३)

मी पिट्सबर्गची त्यामुळे थोडी बाजू घेणारच 😄 पण तुम्ही सगळे फँटसीचा हिशोब करताय, खऱ्या टीमचा हिशोब वेगळा आहे आणि तो कळला की फँटसीचाही जरा उलगडतो.

पेंग्विन्स १६ वर्षं सलग प्लेऑफ खेळले आणि या वर्षी गुणतक्त्यात एका पॉइंटने हुकले. जुने लोक गेले, टीम चालवायला काइल डुबास आला (तात्या, तुमच्या टोरांटोचाच). त्याच्या गळ्यात तीन-चार नको ती कॉन्ट्रॅक्ट होती. ग्रानलुंड, वर्षाला ५ मिलियन, मार्चमध्ये आणला आणि २१ मॅचमध्ये त्याचा एक गोल. पेट्री, सव्वासहा मिलियन. रुटा, डीस्मिथ. हे सगळे एका फटक्यात बाहेर. त्याच्यावर २०२४ च्या खऱ्या ड्राफ्टमधला (नव्या पोरांची निवड) पहिल्या राउंडचा पिक, तोही पहिल्या दहात आला तर राखून ठेवलेला, आणि २०२५ चा दुसऱ्या राउंडचा. कार्लसनचा पगार साडेअकरा, त्यातले दीड मिलियन दरवर्षी सॅन होजे भरणार २०२६-२७ पर्यंत, पेट्रीचा थोडा भाग आम्ही भरतोय. म्हणजे कॅपवर (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) १० मिलियन, सध्याचा कॅप साडेत्र्याऐंशी. नॉरिस जिंकलेल्या माणसाला इतक्या स्वस्तात कोणी कधी सोडलाय? आणि सोडला का तर त्याच्याकडे नो-मूव्ह क्लॉज होता, तो सांगेल तिथेच पाठवता येणार, आणि एवढा पगार घ्यायला तयार असणाऱ्या टीम होत्या किती.

त्यामुळे डुबासला १०१ पॉइंट्स नकोच आहेत. त्याला हवंय की क्रॉस्बी बेंचवर असताना सुद्धा पक आपल्या झोनमधून नीट बाहेर यावा. गेल्या वर्षी ती मोठी बोंब होती, तिसरी-चौथी लाइन (फॉरवर्डची मागची त्रिकुटं) आली की आम्ही आपल्याच बाजूला अडकून बसायचो. हे काम त्याने ५५ पॉइंट्समध्ये केलं तरी खरा ट्रेड फायद्याचा, पण तुझ्या लीगमध्ये झोनमधून पक बाहेर काढल्याचे मार्क कोणी देत नाही. तेव्हा @सॅनहोजेकर, आमच्यासाठी तो चांगला, तुझ्यासाठी ह्यूज चांगला.

बाकी इथले जुने लोक गमतीत आहेत. याच माणसाची अकिलीस टेंडन २०१३ मध्ये कापली गेली ती आमच्याच मॅट कुकच्या स्केटने, आणि २०१७ ला टाचेत फ्रॅक्चर घेऊन तो ओटावाकडून आमच्याविरुद्ध सातव्या मॅचच्या दुसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत खेळला होता. त्याला शिव्या देणारेच आता ६५ नंबरचे जर्सी विकत घेतायत.

सॅनहोजेकर (२७ सप्टेंबर २०२३)

झाला व्यवहार. ह्यूज घेतला, वर पाचव्या राउंडचा पिक मागितला तर त्याने सातव्याचा दिला. बाबू सॉरी, पण लेटँगवाला मुद्दा मला पटला, आणि खरं सांगायचं तर समोरचा इतका उतावळा झाला होता की तिथेच कळलं आपला माल आज चढ्या भावात आहे. कार्लसनला एसएपी सेंटरमध्ये, शार्क्सच्या घरच्या मैदानात, एवढा बघितलाय की जीवावर आलं, पण फँटसीत प्रेम करून चालत नाही.

बेएरियातला_बाबू (२७ सप्टेंबर २०२३)

बघू. एप्रिलमध्ये धागा वर काढतो.

बेएरियातला_बाबू (१९ एप्रिल २०२४)

काढला वर. कार्लसन ८२ मॅच, ११ गोल, ४५ असिस्ट, ५६. तात्यांच्या अंदाजापेक्षाही कमी. ह्यूज ९२. घ्या, हसा.

पण एक बोलू का, ५६ हा सगळा त्याचा दोष नाही. पेंग्विन्सचा पॉवर प्ले १५.३ टक्के, लीगमध्ये तिसावा! क्रॉस्बी, मालकिन, कार्लसन, मार्चपर्यंत गेंत्झल, एवढी नावं घेऊन तिसावा. वर पॉवर प्ले चालू असताना गोल खायचे ते वेगळंच. हे कोणीच धरलं नव्हतं, ना मी ना तात्यांनी.

अलेघेनीकाठची (२० एप्रिल २०२४)

त्या पॉवर प्लेचं नाव काढू नका. पास पास पास, सगळे एकमेकांसाठी जागा सोडतायत आणि शॉट कोणीच मारत नाही. कधी कार्लसन वर, कधी लेटँग, कधी दोघं एकत्र, सगळं करून झालं. तीन पॉइंट्सनी प्लेऑफ गेली, पॉवर प्ले नुसता मधल्या नंबरला असता तरी आत होतो. पण पाच-पाच असताना कार्लसन बर्फावर असला की खेळ समोरच्याच बाजूला चालायचा, हे मी बघितलेलं सांगते. आणि एकही मॅच चुकवली नाही, हे तात्या सोयीस्कर विसरतील.

आणि ग्रानलुंड बघितलात का? आमच्याकडे २१ मॅचमध्ये ५ पॉइंट्स, तोच माणूस सॅन होजेत पहिल्या लाइनवर गेला आणि ६९ मॅचमध्ये ६०. ट्रेडच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट झाली, रिकाम्या जागेवर गेलेला वाढला आणि गर्दीत आलेला घटला.

सॅनहोजेकर (१४ सप्टेंबर २०२४)

परत मीच. ह्यूजला नॉरिस मिळाली, माझ्याकडेच आहे, विकत नाहीये, मेसेज करू नका. आता प्रश्न उलटा आहे. त्या पेंग्विन्सवेड्याने कार्लसनला सोडून दिलाय, ड्राफ्टमध्ये परत आलाय. किती खाली गेला तर उचलायचा? इथे आमच्या टीमने त्याच्या बदल्यात मिळालेला १४ वा पिक अजून एक पिक जोडून बफेलोला दिला आणि ११ व्यावर सॅम डिकिन्सन घेतला, तोही डिफेन्समनच, म्हणून जुनी आठवण आली.

टोरांटो_तात्या (१५ सप्टेंबर २०२४)

या वर्षी घे. खरंच.

गेल्या वर्षी लोक १०१ ची किंमत देत होते, आता ५६ ची देतील, आणि दोन्ही आकडे टोकाचे. पॉवर प्ले तिसाव्यावरून खाली जाऊन जाऊन किती जाणार. तो बघणारा असिस्टंट कोच रिअर्डन गेला आणि त्या जागी आलाय डेव्हिड क्विन, जो कार्लसनच्या १०१ च्या वर्षी शार्क्सचा हेड कोच होता. त्याला माहितीये या माणसाला मोकळा कसा सोडायचा. लेटँग ३७ चा झालाय. म्हणजे खुर्ची अजून रिकामी नाही, पण सरकायला लागलीये. मी ५५ ते ६५ धरतो, त्यात ब्लॉक आणि गोल फार मिळणार नाहीत हे गृहीत धर.

आठव्या राउंडच्या आधी नाव घेऊ नकोस. दहाव्यापर्यंत राहिला तर मात्र मागेपुढे बघू नको. आणि ऑफिसमध्ये त्या पोराच्या आधी तुझा नंबर येतो ना ते आधी बघून घे, तो परत हळवा होऊन सहाव्यातच उचलेल.