सोलापुरात 9 लाखांच्या पगारात चार जणांचं भागेल का?

मंडळी, नमस्कार.
चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून ऑफर आलीय. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) वर्षाला 9 लाख, त्यातले 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारे. माणसं चार, मुलं शाळेतली. घर जुळे सोलापुरात बघतोय. भाडं किती परवडेल? सध्या परदेशात आहे, डॉलरच्या भावाने गुणून अंदाज येईना.

* * *

दादा, डॉलर बाजूला ठेवा आणि सीटीसीही. खात्यात महिन्याला काय पडतं तेवढंच धरायचं.

9 लाख म्हणजे महिना 75,000. व्हेरिएबलचे 7,500 घरखर्चात धरू नका. बेसिक 30,000 असेल तर कंपनीचा पीएफ 3,600 आणि ग्रॅच्युइटीचे 1,443 बहुतेक ठिकाणी सीटीसीतच मोजलेले असतात. तुमचा पीएफ 3,600, प्रोफेशनल टॅक्स 200. हातात उरले 58,657. ऑफर लेटरसोबतचा तक्ता मागवून हे आकडे आधी ताडून घ्या.

2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर बसत नाही. मात्र ही सवलत निवासी करदात्यालाच मिळते, म्हणजे त्या वर्षात पुरेसे दिवस भारतात राहिलेल्याला. आर्थिक वर्ष बरंच सरल्यावर परतलात आणि त्या वर्षापुरते अनिवासी ठरलात, तर याच पगारावर कर लागेल. विमानाचं तिकीट काढण्याआधी सीएला विचारा.

आता घर. भाडं, मेंटेनन्स, पाणी आणि कामावर जाण्यायेण्याचं पेट्रोल, सगळं मिळून हातातल्या पगाराचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण 19,500. नुसत्या भाड्यालाच तिसरा हिस्सा लावला की गणित कोलमडतं. जुळे सोलापूर दक्षिणेला, चिंचोळी पुणे रोडवर. रोज सगळं शहर ओलांडायचं. जाऊन-येऊन 40 किमी धरले तर 25 दिवसांचे 1,000 किमी. गाडी लिटरला 15 देत असेल तर 67 लिटर, म्हणजे 6,700च्या वर. मग भाडं, मेंटेनन्स आणि पाणी यांना 12,800 सुद्धा उरत नाहीत. कंपनीची बस असेल तर जुळे सोलापूर खुशाल घ्या. नसेल तर पुणे रोडवरच्या बाळे, केगाव बाजूला बघा.

* * *

वरच्या हिशेबातलं पाणी नीट उलगडायला हवं, सोलापुरात घर त्यावरच ठरतं. बऱ्याच भागांत महापालिकेचं पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात. शहरांसाठीचं सरकारी माप माणशी रोज 135 लिटर. चौघांना 5 दिवसांचे 2,700 लिटर झाले. अगदी काटकसरीने 75 लिटर धरले तरी 1,500. वर हजाराची एकच टाकी असेल तर चौथ्या दिवशीच टँकर शोधावा लागेल.

एजंट 'पाण्याचा प्रॉब्लेम नाही' म्हणणारच. त्याला सोडून शेजारच्या दारात विचारा: नळ किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ येतो? हौद किती लिटरचा, तो कितीजणांत? बोअर आहे म्हणाले तर मे महिन्यात चालतं का, हे विचारा.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दीड टनी एसी रोज 8 तास चालला तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट एकटा खातो. महावितरणचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, वरच्या टप्प्यातलं युनिट महाग. इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर चांगला चालतो आणि वीज फारच कमी घेतो, पण त्याला रोज पाणी लागतं. टाकीचा हिशेब करताना तेही धरा. जूनमध्ये दमट झालं की कूलरचा उपयोग नाही.

* * *

एक राहिलं. शाळेची वर्षाची फी, बससकट, 12 ने भागून दरमहा वेगळी काढा, नाहीतर जूनमध्ये सगळंच अंगावर येतं. आणि लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार नोंदवूनच घ्या, 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. टँकरचे पैसे कोण भरणार, तेही करारात एका ओळीत लिहून घ्या.