ल्यूटची वरची तार सुरात येण्याआधीच तुटते. आणखी जाड घालू का?

गिटारवाला_नवखा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं क्लासिकल गिटार वाजवतोय. आता हाती एक वापरलेली, आठ जोड्यांची रेनेसाँ ल्यूट (गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य) आली आहे. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) घोडीपर्यंत तारेची लांबी 64 सेंमी. सोबत आतड्याच्या तारांचा कोरा संच होता, त्यातली पहिली तार 0.42 मिमी. ट्यूनर 440 वर (म्हणजे 'ए' सूर 440 हर्ट्झ, आजची रूढ पट्टी) ठेवून ती 'जी'कडे चढवतो, आणि जी येता येताच फट्! 0.46 ची लावली, तीही गेली. गिटारवर असला प्रकार कधी झाला नाही. तारा शिळ्या आहेत की वाद्यातच खोट आहे? आणि बाकीच्या तारा बोटाला फारच लेच्यापेच्या लागतात, त्याही जाड केल्या तर चालेल का?

खुंटीपिळ
जाडीचा नाद सोडा. तार जाड केली की तिची ताकद वाढते हे खरं, पण तोच सूर काढायला तिला ताणही त्याच हिशेबात जास्त द्यावा लागतो. त्यामुळे बारीक काय नि जाड काय, दोन्ही एकाच सुराला मान टाकतात. तार कुठे तुटणार हे ठरतं लांबीवर आणि सुरावर.

हिशेब सोपा आहे. मीटरमधली लांबी गुणिले कंपनसंख्या. 440 च्या पट्टीत तुमचा जी म्हणजे 392 हर्ट्झ, 0.64 गुणिले 392, म्हणजे 251. आतड्याची तार 260 च्या आसपास तुटते. रोज वाजवायचं वाद्य 240 च्या आत ठेवावं. तुम्ही कड्याच्या टोकावर उभे आहात. गिटारची पहिली तार 0.65 गुणिले 330, म्हणजे जेमतेम 214, म्हणून तिकडे हा प्रश्नच येत नाही.

वाद्यात खोट नाही. ते 440 साठी केलेलंच नसावं. ट्यूनर 415 वर आणा. जी होईल 370 हर्ट्झ, गुणाकार 237. 440 लाच जी हवा असेल तर 60 सेंमीच्या आसपासचं वाद्य लागतं. जुन्या काळी सगळीकडे एकच पट्टी नव्हतीच. पहिली तार तुटणार नाही इतकी वर न्यायची आणि बाकीच्या तिच्यावरून लावायच्या, हीच रीत होती. ट्यूनरच्या आकड्याला देव मानण्याची सवय आपली.

एक मात्र सांगा, तुटते कुठे? दर वेळी नटच्या खाचेपाशी तुटत असेल तर खाचेची कड तिला कापतेय. बारीक पॉलिशपेपरने कड गोल करा आणि खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. ल्यूटचं डोकं मागे जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं, त्यामुळे तार तिथे चांगलीच मुरडते.

बाकीच्या तारा जाड करायचा विचार तर मुळीच नको. पहिली 'जोडी' म्हणजे एकच तार, ती आणि बाकीच्या सात जोड्या मिळून 15 तारा. प्रत्येकीला सरासरी तीन किलो धरले तरी 45 किलो झाले. तारांखालची तबली स्प्रूसची, दीड-दोन मिमीची, आणि घोडी नुसती सरसाने चिकटवलेली. ताण वाढवलात तर एक दिवस घोडी उखडून हातात येईल. लेच्यापेच्या वाटतात तेच बरोबर आहे, हात हलका करा.

मंद्रसप्तक
एवढा खटाटोप कशाला? आतड्याच्या तारा हवा दमट झाली की सूर सोडतात, पहिली तर पटकन झिजून केसाळ होते. नायलगट, म्हणजे आतड्यासारखी कृत्रिम तार, लावा. घनता आतड्याइतकीच असल्याने मापं तीच चालतात. नाहीतर कार्बन. कित्येक वादक मासेमारीची कार्बन दोरी लावतात, बिनबोभाट.

आणि गिटारची नखं असतील तर कापा. जोडीतल्या दोन्ही तारा एका वेळी वाजायला बोटाचं मांस लागतं, नखाने एक वाजते नि एक राहते.

खुंटीपिळ
नायलगट शिकाऊ हाताला ठीक, मान्य. पण कार्बन जड असतो, 0.42 च्या जागी 0.36 च लागते. ती बोटाला चावते आणि आवाज काचेसारखा येतो. मला नाही आवडत.

नखांबद्दल एवढं कडक नको. इटालियन ल्यूटवादक पिचिनिनीने 1623 च्या पुस्तकात नखांचीच बाजू घेतली आहे. बहुसंख्य मांसानेच वाजवत, हे मात्र खरं.

गिटारवाला_नवखा
415 वर लावली, टिकली! खाचेची कडही घासून घेतली. आता दोन शंका. एक मैत्रीण डाउलंडची (जुना इंग्रज रचनाकार) गाणी म्हणते, तिचा कीबोर्ड 440 चा आहे. कसं जुळवू? दुसरी, दुसऱ्या जोडीतल्या दोन तारा मोकळ्या अगदी मिळतात, पण पाचव्या पडद्यावर दाबल्या की भांडतात. पडदा सरळच बांधलेला आहे.

खुंटीपिळ
415 चा जी म्हणजे 440 चा एफ शार्प. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण एक पायरी खाली करा, झालं. तिच्या गळ्यालाही अर्धा सूर खाली सोपंच जाईल.

दुसरी शंका जुनी आहे. जोडीतली एक तार खोटी असणार, म्हणजे तिची जाडी सगळीकडे सारखी नाही. जर्मन ल्यूटवादक हान्स गेर्लेने 1532 मध्येच याची परीक्षा चित्र काढून दिली आहे. तार घोडीवरून सोडवा. दोन्ही हातांत वाद्यावरच्या लांबीइतकी ताणून धरा, उजेडाकडे करा आणि अंगठ्याने छेडा. खरी तार थरथरताना दोन स्वच्छ रेषा दिसतात, मधे मोकळी जागा. खोटीत तिसरी रेष डोकावते किंवा सगळंच गढूळ दिसतं. खोटी निघाली तर आधी उलटी करून, म्हणजे घोडीकडचं टोक खुंटीकडे घेऊन, लावून पाहा. कधी कधी तेवढ्याने भांडण मिटतं. संचातली तार लांब असेल तर थोडी सरकवून दुसरा तुकडा वापरता येतो.

एवढं करूनही नाही जमलं तर बदला. जुनी टाकू नका, पातळ असली तरी तबलीवरच्या वरच्या पडद्यांच्या खुणा आखायला, गाठीचा सराव करायला उपयोगी पडते.