नारळ एकदम फोडले, पाणी हप्त्याहप्त्याने आलं: उपसा योजनांचं नेमकं चुकलं कुठं?

घाटमाथ्यावरचा

परवा मिरज स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर शेजारी लातूरचे एक गृहस्थ. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या मिरजेनं आम्हाला पाणी पाजलंय." एप्रिल २०१६ मध्ये इथून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं होतं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, पाच लाख लिटर. मी मान डोलावली आणि गप्प बसलो. त्याच उन्हाळ्यात आपल्याच सांगली जिल्ह्यात जतला टँकर चालू होते, हे त्यांना काय सांगणार?

घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे, म्हणून हा धागा.

ताकारी-म्हैसाळला (कृष्णेचं पाणी पंपानं उचलून वरच्या दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या या उपसा योजना) पहिली मान्यता ऐंशीच्या दशकातली, अंदाजपत्रक शंभर कोटींच्या आतलं. २०१७ च्या सुप्रमाचा (सुधारित प्रशासकीय मान्यतेचा) आकडा पाच हजार कोटींच्या घरात. १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं, रोखे काढून चढ्या व्याजानं पैसा उभा केला, आणि टेंभू, जिहे-कठापूर, उरमोडी, शिवाय खोऱ्यातली कितीतरी धरणं अशा सगळ्यांची कामं आगेमागे एकदमच काढली. (टेंभू म्हणजे आगरकरांचं जन्मगाव. पाणी मात्र वर पोचेपर्यंत पंपगृहांचे पाच टप्पे आणि वीसेक वर्षं.)

उशीर का झाला विचारलं की आपल्याकडं एकच उत्तर येतं: खाल्लं. खाल्लं नाही असं मी म्हणत नाही. पण एकानंही एक रुपया खाल्ला नसता तरी या योजना रखडल्याच असत्या, असं माझं मत आहे. पाणी पंचवीस परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) आहे हे ठाऊक असताना आपण पाच विहिरी पाच-पाच परस खणल्या. खणाई पंचवीस परसांची झाली, पाणी एकीलाही नाही. आधी एक योजना शिवारापर्यंत पुरी करायची आणि मगच दुसरीचा नारळ, एवढा नेम पाळला असता तर निम्म्या पैशात आणि निम्म्या वर्षांत काम झालं असतं. पटत नसेल तर खोडा.

आटपाडीकर

खोडतो.

आधी एक पुरी, मग दुसरी. ऐकायला झकास आहे. पण पहिली कुठली? हे ठरवणार कोण होतं? नव्वद साली या जिल्ह्यात वजन कुणाचं होतं ते तुम्हालाही माहीत आहे: कारखाने कुठं, आमदार कुठले, नदी कुठली. तुमचा नेम लावला असता तर रांगेत सगळ्यात शेवटी आटपाडी आणि जत. आणि शेवटच्या माणसाचा नंबर आला की भांडं रिकामं झालेलं असतं, हे पंगतीत वाढणाऱ्याला विचारा.

आमच्याकडं १९९३ पासून पाणी परिषदा होतायत. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही माणसं माणदेशात येऊन मांडी ठोकून बसली म्हणून आम्ही नकाशावर आलो. माझे वडील पहिल्या काही परिषदांना भाकरी बांधून गेले होते. तेव्हा टेंभूचा नारळ फुटला नसता तर पुढं भांडायला हातात काही राहिलंच नसतं. अर्धवट का असेना, कालव्याची चारी दिसली की लोक मोर्चा काढतात. कागदावरच्या योजनेसाठी कोण काढतो?

दुसरी गोष्ट, कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणारा बच्छावत लवाद. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) आणि ३१ मे २००० नंतर फेरविचाराला दार उघडं. त्याआधी पाणी अडवलं नसतं तर आज कर्नाटक-आंध्रकडं बघत बसलो असतो.

घाटमाथ्यावरचा

पंगतीचं पटलं. बच्छावतचं नाही. '२००० पर्यंत अडवा नाहीतर गेलं' असं निवाड्यात कुठंच नव्हतं. फेरविचार करता येईल, एवढंच होतं. त्या भीतीवर निवडणुका लढवल्या गेल्या.

आटपाडीकर

अर्धंच सांगताय. त्याच कलमात पुढं असंही आहे की वाट्याच्या मर्यादेत जे पाणी राज्यानं वापरात आणलंय, त्याला नव्या लवादानं शक्यतो धक्का लावू नये. म्हणजे वापरलं ते राखलं. मग घाई करायला नको होती का?

घाटमाथ्यावरचा

'वापरात आणलंय' म्हणजे शिवारात पोचलंय. अर्ध्या खणलेल्या चारीतून कुठलं पाणी वापरलं आपण २००० साली? तुमचंच कलम माझ्या बाजूनं बोलतंय, भाऊ.

निवृत्त शाखा अभियंता

दोघेही पैशाभोवती फिरताय. मी कालव्यावर नोकरी काढली आहे (कुठल्या विभागात ते राहू दे), म्हणून थोडं जमिनीवरचं सांगतो.

खानापूर-आटपाडी भागातला एक गट. कालव्याच्या आखणीत सव्वीस गुंठे जात होते. सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली नऊ गलाईला (सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला) बाहेर: कुणी कोइमतूर, कुणी कोलकाता, एकजण केरळात. दोन मयत, वारसनोंद नाही. एका बहिणीचं नाव हक्कसोड न करताच राहिलेलं. संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस, आमचा माणूस आणि शेतकरी असे तिघे एका दिवशी एका बांधावर आणायला मला अकरा महिने लागले. त्या गटाच्या अलीकडं कालवा तयार, पलीकडं तयार, मध्ये सव्वीस गुंठ्यांत ज्वारी उभी. लोक अलीकडच्या कोरड्या कालव्याचा फोटो पेपरात छापायचे: 'कोट्यवधींचा खड्डा'. ज्वारीचा फोटो कुणी छापला नाही.

पुढं १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. शेतकऱ्याला ते मिळायलाच हवं, माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांनी आधी जमीन दिली ते म्हणाले आम्हाला कमी का, आणि ज्यांची राहिली होती ते म्हणाले थांबू या. दोघांचंही बरोबर. अंदाजपत्रक फुगलं त्यात या जमिनीचा हिस्सा मोठा आहे. म्हणून तर पुढं पोटकालव्यांऐवजी बंदिस्त नलिका आल्या. पाइप जमिनीखालून जातो, वरून नांगर चालतो, सातबारा हलत नाही. वीस वर्षं आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, यात आमच्या खात्याचीही चूक आहे.

निधीचं म्हणाल तर एक गोष्ट कुणी बोलत नाही: अनुशेष. विदर्भ-मराठवाड्याचा सिंचनाचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेली तूट, काढला गेला आणि राज्यपालांच्या निर्देशांनी २००१ नंतर निधीचे वाटे बांधले गेले. उर्वरित महाराष्ट्राच्या ताटात आपण, आणि आपल्यातच माण-खटाव, जत, आटपाडी. प्रदेश पुढारलेला म्हणून हात आखडता आणि तालुका दुष्काळी म्हणून टँकर! मार्चअखेर जे काही हाती यायचं त्यात ठेकेदारांची मागची बिलंसुद्धा भागायची नाहीत. मग ठेकेदार यंत्रं उचलून दुसरीकडं न्यायचा, आणि त्याला परत आणायचं तर भाववाढ.

आणि एक कबुली. पंप आधी आले, कालवे मागून. पंपाची ऑर्डर एका सहीनं निघते, कालव्याला सतरा सह्या लागतात. जे सोपं ते आधी उरकलं. हमीची मुदत गोदामात संपली अशी यंत्रं मी डोळ्यांनी बघितली आहेत.

कृष्णाकाठ

साहेब, तुमची सतरा नावं खरी असतील. पण धागाकर्त्यांनी 'खाल्लं' हे उत्तर एका वाक्यात निकालात काढलं, ते मला झेपलं नाही.

२०१२ च्या सुमारास आर्थिक पाहणीत आकडा आला होता: दहा वर्षांत राज्याच्या सिंचित क्षेत्राचं प्रमाण ०.१ टक्क्यानं वाढलं. केवढा गदारोळ झाला, श्वेतपत्रिका निघाली, चौकशीला चितळे समिती बसली, २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. हे सगळं बहिणीनं हक्कसोड केलं नाही म्हणून झालं का? काम रखडलं की सुप्रमा, सुप्रमा आली की नवे दर, नव्या दरानं जुनंच काम. उशीर हा रोग नव्हता, तो धंदा होता. एकाच वेळी वीस योजना काढल्या त्याचंही कारण तेच: वीस निविदा. तुमच्या पाच विहिरी बिनडोकपणानं खणल्या नाहीत. खणणाऱ्याला परसाला पैसे मिळत होते.

आणि आता पाणी आलंय तर काय पिकतंय वर? ऊस. आमच्याकडं नदीकाठी उसानं जमिनी क्षारपड करून ठेवल्या, रानात पांढरं मीठ फुललंय. तेच आता वीज जाळून पाच टप्पे चढवून वर नेताय.

आटपाडीकर

वा. पन्नास वर्षं तुम्ही ऊस खाल्ला, आणि आमच्या पहिल्या आवर्तनाला (कालव्याच्या पाळीला) तुम्हाला क्षारपड आठवली?

पण मुद्दा खोटा नाही. परिषदेत समन्यायी वाटपाचा आग्रह होता तो याच कारणानं. जमीन असेल-नसेल, प्रत्येक कुटुंबाला ठरावीक पाणी, मोजून, आणि ते पाइपनं. आमच्याकडं डाळिंब ठिबकवर आहे. ज्यानं ऊस लावला त्याला पाणी मोजून दिलं नाही हा दोष लावणाऱ्याचा कमी आणि वाटणाऱ्याचा जास्त.

शेपटाचा शेतकरी

मी कवठेमहांकाळ तालुक्यातला. म्हैसाळच्या कालव्याच्या शेपटाला आमचं गाव. लई मोठं मोठं चाललंय तुमचं, म्हणून मधी बोलतो.

योजना पुरी झाली म्हंजे काय, त्ये आधी ठरवा. कागदावर आमच्या गावाला पाणी आलंय. आलंय बी, न्हाई म्हणत न्हाई. द्राक्षबाग तगली ती त्या पाण्यावरच. पण मधी कितीक वर्सं असं झालं की पंप हायत, कालवा हाय, नदीला पाणी हाय, आन् लाईट बिल थकलं म्हणून कनेक्शन तोडलं. नदी वाहून चाललीय आन् पंपघराला कुलूप. पावसाळ्यात निम्मी सांगली पाण्यात, २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फूट, आन् आमचं तळं कोरडं. पुराचं पाणी उचलून वर सोडा हे सांगायला पूर यावा लागला.

आता बिलाचं ८१ टक्के सरकार भरतं, १९ आमच्याकडं. ते बरं झालं. १९ भरायला कुणाची ना न्हाई. पण पाणीपट्टी कारखाना उसाच्या बिलातनं कापतो, द्राक्षवाल्याकडनं कोण कापणार? वरच्या अंगाला न मोजता सायफन टाकत्यात त्येंच्याकडनं कोण कापणार? पाणी वापर संस्था करा म्हणून २००५ ला कायदा झाला. आमच्या गावची संस्था कागदावर हाय, शिक्का चेअरमनच्या घरात हाय. गेल्या आवर्तनाला रात्री दोनला आमचा नंबर होता. बॅटरी घेऊन गेलो तर वरच्यानं दार फळी लावून अडवलेलं, फळीवर दगड, दगडावर त्येचा पोरगा बसलेला. बारक्या पोराला काय म्हणायचं? त्येला बिडी विचारली, न्हाई म्हणाला, मग दोघं बसलो पाच वाजेपर्यंत.

नारळ एक फोडा न्हाईतर वीस फोडा. त्या फळीचं काय त्ये सांगा.

घाटमाथ्यावरचा

शेपटाच्या दादांनी बोलतीच बंद केली. माझी एक चूक मान्य करतो: शिवारापर्यंत पाणी पोचलं की योजना पुरी, असं मी धरून चाललो होतो.

कृष्णाकाठ, परसाला पैसे मिळत होते हेही मान्य. पण मग २०१६ मध्ये केंद्रानं देशातले ९९ रखडलेले प्रकल्प निवडले, त्यात आपली कृष्णा-कोयना उपसा (म्हणजे ताकारी-म्हैसाळच) होती, आणि त्यानंतर कामाला वेग आला तो का? माणसं तीच, ठेकेदार तेच, टक्केवारीही बहुधा तीच. फरक एवढाच की थोडी कामं निवडली आणि पैसा सलग दिला. तेवढा मुद्दा मी सोडणार नाही.

कृष्णाकाठ

मुदत डिसेंबर २०१९ ची होती. पुरी झाली का सगळी?

घाटमाथ्यावरचा

नाही. पण आधीच्या वीस वर्षांपेक्षा जास्त झाली.

जतची लेक

उशिरा वाचला धागा. माझं माहेर जतच्या पूर्व भागात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला आणि आठवड्याभरात आमच्या विस्तारित म्हैसाळला मुंबईत एकदम पाय फुटले. अभियंता साहेब, तुमच्या सतरा सह्यांपेक्षा बंगळुरूची एक सही भारी पडली म्हणायची.

आईला काल फोन केला तर म्हणाली, रस्त्याकडंला पाइप येऊन पडलेत, बरेच महिने झाले, पोरं आत शिरून लपाछपी खेळतात. पाइप आले म्हणजे पाणी किती लांब, हे कळायची काही खूण असते का?

निवृत्त शाखा अभियंता

असते थोडीफार. पाइपात माणूस उभा राहत असेल तर ती मुख्य नलिका. तिचं पुढं पंपगृह आणि वीज उपकेंद्राशी जुळायचं असतं, तेव्हा ती दोन्ही कुठवर आली ते बघा. वाकून जावं लागत असेल तर वितरिका असेल, म्हणजे वरचं काम बरंच सरकलेलं असायला हवं. 'असायला हवं' म्हणतो, कारण पंपांची गोष्ट वर सांगितलीच आहे. आणि पाइपाच्या तोंडाला झाकणं आहेत का तेही विचारा. नसतील तर आत माती भरते आणि मुलांना विंचू-सापाची भीती, तेव्हा आधी पोरांना बाहेर काढायला सांगा.

जतची लेक

विचारलं. झाकणं नाहीत. आईच्या मते धाकटा भाचा उभा राहतो, थोरला वाकतो. थोरला नववीला आहे.