कर्नल बांधायचा, दळायचा की संकलित करायचा?

सेतूवाला, वाशीम जिल्हा

राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात माझ्या केंद्राच्या फळ्यावर एक ओळ लिहिली: 'आज रात्री कर्नल रीकंपाइल होणार, कोणीही मेन स्विच बंद करू नये.' सकाळी शटर उघडतो तर दोन म्हातारे पायरीवर बसलेले. दोघांची पोरं फौजेत. एकानं विचारलं, "काय गा, कोणता कर्नल येऊन राह्यला गावात? पेन्शनचं काही हाय का?"

हसलो, चहा पाजला. पण खरं काय ते सांगायला बसलो तर तोंडात शब्दच येईना.

गोष्ट अशी की केंद्रात सहा जुने संगणक आहेत. माझ्याआधी ज्यानं ते बसवले त्यानं मशीन हलक्या चालाव्यात म्हणून लिनक्सचा कर्नल (त्या प्रणालीचा सगळा कारभार बघणारा आतला भाग) छाटून छाटून पार बोडका केला होता. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरी चालवायची सोय, बंद; आणि बाहेरून मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा जादा तुकडा, जोडायची सोयसुद्धा बंद. मुलांच्या टायपिंगच्या सरावाचं एक सॉफ्टवेअर मात्र जुन्या विंडोजवरच चालतं. म्हणून लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन उभी करायची आणि तिच्यात ते विंडोज टाकायचं. त्यासाठी आधी कर्नलच त्याच्या मूळ मजकुरातून नव्यानं करणं, म्हणजे रीकंपाइल करणं आलं.

मुलांसाठी याची दोन पानं मराठीत लिहितोय. पुस्तकी शब्द घेतले तर वाक्य होतं: 'आभासी यंत्रास आधार देण्याकरिता प्रचालन प्रणालीच्या गाभ्याचे पुनर्संकलन.' बारावीतल्या एका पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सर, हे योगाचं आहे का?"

तर कर्नल, रीकंपाइल आणि व्हर्च्युअल मशीन. तिन्ही शब्दांना वावरातल्या माणसाला कळेल असं काय म्हणावं?

निवृत्त मराठी शिक्षिका, अमरावती

त्या दोघांची चूक नाही. फौजेतला कर्नल इटालियनमधल्या 'कोलोना' म्हणजे खांब या शब्दाच्या घराण्यातला. संगणकातला कर्नल जुन्या इंग्रजीतला, धान्याचा दाणा या अर्थाच्या शब्दाचं लहान रूप. म्हणजे दाणुकला म्हणा. इंग्रजीत लिहिताना दोन्ही वेगळे दिसतात, देवनागरीत आले की एका चेहऱ्याचे होतात.

'गाभा' हा शब्द वाईट नाही. तो 'गर्भ'वरून आला; गाभण आणि गाभारा त्याचेच भाऊबंद. पण गाभा म्हणजे मधला भाग, एवढंच त्यातून कळतं. केळीचा गाभा काढला की केळ गेली. कर्नल तर काढून दुसरा घालता येतो ना? मग तो गाभा कसा, हे मला विचारायचं आहे.

आणि 'ती मशीन' लिहू नका. मशीन नपुंसकलिंगी.

दारव्ह्याचा पोट्टा

अजी मॅडम, आमच्या इकडे मशीन 'ती'च असते. 'पेरणीची मशीन आली' म्हणते लोक. 'मशीन आलं' म्हटलं तर पुण्याहून आला काय म्हणून इचारते.

सेतूवाला

मॅडम, तुमच्या प्रश्नावर तीन दिवस विचार केला आणि उत्तर आमच्या गल्लीत सापडलं.

आमच्या गावात काही घरी बिब्बे फोडायचं काम चालतं. शेजारची काकू ओसरीवर बसते. खाली दगड, हातात लोखंडी तुकडा, बोटांना राख चोळलेली. एक बिब्बा उभा धरायचा, नेमका एक ठोका. जोरात मारला तर आतला दाणा चुरतो, हळू मारला तर कवच फुटत नाही. कवचातलं काळं तेल अंगावर उडालं तर बिब्बा उततो, कातडीवर फोड येतात. काकूची बोटं कायमची काळी आहेत. आणि त्या जहाल कवचातून जो पांढरा दाणा निघतो ती गोडंबी, बाळंतिणीच्या लाडवात घालतात ती.

मी काकूला विचारलं, गोडंबीला गाभा म्हणशील का? ती म्हणाली, "गाभा कायले? गाभा झाडाचा असते. हा दाना हाय."

म्हणजे आपल्याकडे कर्नलला शब्द नाही असं कुठं आहे? आंब्याची कोय, कपाशीची सरकी, बिब्ब्याची गोडंबी, चाराची चारोळी. उलट इतके आहेत की कोणता घ्यावा हाच प्रश्न.

पुण्यात नोकरी, गाव दर्यापूर

सेतूवाले दादा, तुम्ही नकळत मुळाशीच गेलात. युनिक्स-लिनक्समध्ये आपण ज्यात कमांड टाइप करतो त्याला 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे कवच. हा शब्द लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञानं १९६० च्या दशकात रूढ केला. बाहेर कवच, आत दाणा. माणूस कवचाशी बोलतो. मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचा कारभार आतला दाणा बघतो. मराठी पुस्तकांनी कर्नलला 'गाभा' केलं आणि शेलला 'शेल'च ठेवलं, त्यामुळे ही जोडी फुटली. 'कवच आणि गोडंबी' म्हटलं असतं तर दोन्ही एका दमात कळलं असतं.

'संकलन' या शब्दाला मात्र उगाच झोडपू नका. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-झिरो नावाचा कंपायलर केला. त्याचं काम होतं आधीच लिहून ठेवलेले प्रोग्रॅमचे छोटे छोटे तुकडे गोळा करून एका ठिकाणी जुळवणं. म्हणजे त्या वेळी ते खरोखर संकलनच होतं! नंतर कंपायलरचं काम बदललं. माणसाला वाचता येईल अशा मजकुरातून प्रोसेसरला समजेल असा मजकूर काढायचा, हे झालं मुख्य. इंग्रजीत जुनं नाव चिकटून राहिलं आणि आपण त्या जुन्या नावाचं भाषांतर केलं. त्यात मराठीत सिनेमाच्या कापाकापीलाही संकलनच म्हणतात, म्हणून वाचणारा आणखी गोंधळतो.

एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो. व्हर्च्युअल मशीनसाठी कर्नल नव्यानं करायची वेळ आता सहसा येत नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणारी केव्हीएम ही सोय लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत, २००७ च्या फेब्रुवारीत, मूळ कर्नलमध्येच आली. बहुतेक तयार कर्नलांत ती मॉड्यूल म्हणून असतेच. बाहेरच्या कंपनीचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर असेल तर कर्नलच्या हेडर फायली (त्याच्या रचनेची माहिती देणाऱ्या) टाकून फक्त त्याची मॉड्यूलं कंपाइल करायची. लोक दोन्हीला सरसकट 'कर्नल रीकंपाइल केला' म्हणतात. ते चूक आहे. तुमच्या बाबतीत मॉड्यूलांचं दारच लिंपून टाकलेलं होतं, म्हणून तुम्हाला खरंच कर्नल करावा लागला.

दारव्ह्याचा पोट्टा

हे मॉड्यूल म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचं अवजार झालं ना भौ? नांगर जोडा, रोटाव्हेटर जोडा, काम झालं का पिन काढून ठेवून द्या. आणि याच्या आधीच्या मानसानं मागची हुकच कापून टाकली होती.

पुण्यात नोकरी, गाव दर्यापूर

अगदी बरोबर. आणि पिनचं छिद्रही जुळावं लागतं. एका कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीच्या कर्नलला जोडायला गेलात तर तो 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून परत पाठवतो. कर्नलचं अपडेट आलं की व्हर्च्युअल मशीन बंद पडते ती बहुधा यामुळेच.

निवृत्त मराठी शिक्षिका, अमरावती

म्हणजे अपडेट बिब्बा घालतं! सेतूवाले, गोडंबी मान्य. आता क्रियापदाचं बघा. मी 'दळणे' सुचवते. मूळ मजकूर म्हणजे धान्य, तयार कर्नल म्हणजे पीठ. पिठावरून धान्य कोणतं होतं ते सहसा ओळखता येत नाही, हेही जुळतं.

सेतूवाला

दळणे मला फार आवडलं. त्यातून एक गोष्ट तर लख्ख होते. 'रीकंपाइल'मधल्या 'री'चं आपण डोळे मिटून 'पुनः' करतो. पण पीठ कोणी पुन्हा दळतं का? आपण परत धान्याच्या कोठीकडे जातो, या वेळी वेगळं मिश्रण घेतो आणि नव्यानं दळतो. कळण्याच्या पिठात ज्वारीला उडीद किती हे गिरणीत जायच्या आधी ठरतं. कर्नलचंही तेच. 'मेक मेनूकॉन्फिग' ही कमांड दिली की निळ्या पडद्यावर भलीमोठी यादी येते. प्रत्येक ओळीपुढे कंस. चांदणी म्हणजे कर्नलमध्ये कायमचं मिसळलेलं, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल, रिकामा म्हणजे घेतलंच नाही. मी व्हर्च्युअलायझेशनच्या पानावर जाऊन केव्हीएमपुढे एम ठेवला, मॉड्यूलांचं दार उघडलं. हे झालं धान्य निवडणं. दळण त्यानंतर. म्हणून 'पुन्हा' काढून 'नव्यानं' घालावं असं माझं ठाम मत झालंय.

अडचण एवढीच की दळलं की सगळं एकजीव होतं. इथं मॉड्यूलं वेगळीच राहतात. म्हणून मी 'बांधणे'कडे झुकतोय. घर बांधतो तसं: भिंती पक्क्या, कपाटं हलवता येणारी. इंग्रजीवालेही 'बिल्ड' म्हणतातच.

दारव्ह्याचा पोट्टा

'आज रात्री कर्नल बांधणार' लिहा मग फळ्यावर. ते दोघं बुढे काठ्या घेऊन येते.

आम्ही तर 'मारतो' भौ. फॉरमॅट मारला, रीस्टार्ट मारला, कंपाइल मारला. झालं.

अर्जनवीस, तहसीलच्या बाजूला

मी संगणकातला नाही, कागदातला माणूस. तरी 'आभासी यंत्र' वाचून राहवलं नाही.

आभास म्हणजे असल्यासारखं वाटतं पण नसतं. उन्हात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं तो आभास. तुमच्या त्या यंत्रात मुलं टायपिंग करतात, छापून कागद निघतो. मग त्यात आभासी काय आहे? आमच्या कागदपत्रात याला नेमका शब्द आहे: 'मानीव'. बिल्डरनं सोसायटीच्या नावानं जागा करून दिली नाही, तर कायद्यानं ती करून दिली असं मानतात. त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. त्या कागदाचं वजन खऱ्या कागदाइतकंच. ज्याला तुमचं इंग्रजी व्हर्च्युअल म्हणतं ते मला असंच काहीसं दिसतं: नावापुरतं नाही, पण कामापुरतं पूर्ण.

निवृत्त मराठी शिक्षिका, अमरावती

अर्जनवीस, तुम्ही धागा जिंकलात. फक्त 'मानीव' दुसरी-तिसरीच्या पोरांना झेपणार नाही. त्याचंच घरातलं रूप घ्या: 'मानलेली'. मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते. राखी बांधते, माहेरपण मागते, भांडतेसुद्धा. तिला कोणी आभासी बहीण म्हणत नाही.

तेव्हा 'मानलेली मशीन'. बघा, लिंगाचा हट्टही मी सोडला.

पुण्यात नोकरी, गाव दर्यापूर

अगदी चपखल. आतलं विंडोज ती खरी मशीन असल्यासारखंच चालतं. ज्या मशीनवर हे चालतं तिला 'होस्ट' आणि आतल्या प्रणालीला 'गेस्ट' म्हणतात. यजमान आणि पाहुणा हे शब्द तर आयतेच आहेत. फक्त बायकांच्या गटात शिकवत असाल तर 'यजमान बंद पडले' म्हणू नका.

सेतूवाला

ते लक्षात ठेवतो.

त्या रात्रीचंही सांगतो, कारण क्रियापदाचा निकाल तिथंच लागला. दहा वाजता 'मेक' ही कर्नल करायला घेणारी कमांड दिली. छाटलेली जुनी यादी टाकून मी डिस्ट्रीब्यूशनची (आमच्या तयार लिनक्सची) यादी घेतली होती, म्हणजे जगातल्या सगळ्या उपकरणांची ड्रायव्हरं. जुना प्रोसेसर, पडद्यावर सीसी, सीसी, सीसी असं एकेका फायलीचं नाव सरकत होतं. कूलरचा पंखा कमी आवाज करतो एवढा त्या डब्याचा पंखा ओरडत होता. अडीचला लाइन गेली. यूपीएस बोंबलायला लागला. मी कंट्रोल-सी दाबून काम थांबवलं, मशीन नीट बंद केली आणि तिथंच चटई टाकली.

सकाळी सातला लाइन आली. पुन्हा 'मेक' दिलं, तर त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली नाही. जेवढ्या फायली झाल्या होत्या तेवढ्या तशाच ठेवून पुढचं घेतलं. दळण अर्ध्यावर थांबलं तर गिरणीवाला काय करतो मला माहीत नाही, पण भिंत अर्धी उभी राहिली तर गवंडी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढची वीट ठेवतो. त्यामुळे 'बांधणे' पक्कं.

दुपारी झालं. मशीन सुरू होताना कोणता कर्नल उठवायचा ते विचारणाऱ्या ग्रबच्या यादीत जुना कर्नल तसाच ठेवला, कारण नवा उठला नाही तर घरी परतायला वाट पाहिजे. नवा उठला, पण केव्हीएम म्हणतो 'डिसेबल्ड बाय बायोस'. म्हणजे एवढी रात्र जागवली आणि आतल्या खोलीची कडीच लावलेली. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, तेव्हा मानलेली मशीन उभी राहिली. मग 'मेक बिनडेब-पीकेजी' करून त्याच कर्नलचं पाकीट बनवलं आणि बाकीच्या मशीनवर टाकलं. सहापैकी एकीच्या प्रोसेसरला ही सोय मुळातच नाही. तिथं पाहुणा येतो, पण गुडघे धरत धरत.

टिपणात आता असं लिहिलंय: 'यजमान लिनक्सवर मानलेली मशीन चालावी म्हणून कर्नल नव्यानं बांधणे.' 'कर्नल' तसाच ठेवला, कारण पोरं उद्या पडद्यावर तोच वाचणार. पण पहिल्याच पानावर बिब्बा, कवच आणि गोडंबीचं चित्र काढलंय. काकूला दाखवलं. तिनं चित्र उलटसुलट करून पाह्यलं आणि म्हणाली, "बिब्बा आडवा काढला तुनं. आडवा धरला तं बोट फुटते."

चित्र बदलतो. मानलेल्या मशिनींवर देखरेख करणाऱ्या हायपरव्हायजरला काय म्हणायचं ते अजून बाकी आहे.

दारव्ह्याचा पोट्टा

मुकादम.