मदत हवी आहे: रेडियम कटिंगचा रेट कसा काढायचा? स्क्वेअर फुटावर परवडत नाहीये

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावात माझं रेडियमचं (म्हणजे स्टिकरच्या चिकट व्हिनाइल शीटचं) छोटं दुकान आहे, दोन फुटी कटिंग प्लॉटर (रेडियम कापायचं मशीन), कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर), आणि मी एकटाच. आधी निम्मं काम नंबरप्लेटचं असायचं, पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) कंपनीकडूनच लागून येते आणि आता जुन्या गाड्यांनाही सक्ती झाल्यावर ते काम जवळजवळ संपलंच. आता दुकानांच्या काचा, दवाखाने, ट्रॅक्टर-ट्रॉलीवरची नावं, बुलेटच्या टाकीचे स्टिकर, पाण्याच्या बाटलीवर पोरांची नावं असं सगळं कस्टम काम येतं आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं.

प्रश्न रेटचा आहे. आमच्याकडं सगळे फ्लेक्ससारखा स्क्वेअर फुटाचा भाव सांगतात, मी ७० रुपये घेतो. आता परवाची दोन कामं बघा. एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या मुलीचं नाव, मोठी मोठी अक्षरं, साधारण ६ फूट रेडियम. दुसरं एका दवाखान्याचं काचेचं दार, तेही ६ फूटच, पण त्यात डॉक्टरांचं नाव, डिग्री, वेळ, कुठल्या वाराला सुट्टी, सगळं अर्धा इंची अक्षरात. दोन्हीचे झाले ४२० रुपये. पहिलं पाऊण तासात संपलं आणि दुसऱ्याला डिझाइन धरून जवळपास तीन तास गेले.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असेल, मराठी बारीक अक्षर सोलायला, म्हणजे अक्षराभोवतीचं जादा रेडियम काढायला, किती वेळ लागतो. अनुस्वाराचा ठिपका, रफार, वेलांटीची शेपटी, सगळं सुईनं धरून बसायचं, जरा जोरात ओढलं की ठिपका बाहेरच्या रेडियमबरोबर निघून जातो. त्यात शिरोरेषा वेल्ड केली नाही (कॉम्प्युटरवर जोडून एकसंध केली नाही) तर ब्लेड प्रत्येक अक्षराच्या जोडावर आडवं कापतं, म्हणजे कापायच्या आधी प्रत्येक शब्द तपासायला लागतो. या सगळ्याचा पैसा स्क्वेअर फुटात कुठं धरायचा? गिऱ्हाईक म्हणतं एवढंसं तर आहे.

तर तुम्ही भाव कसा काढता ते प्लीज सविस्तर सांगा. नुसतं मार्केट रेट बघ असं नको, कारण मार्केटमध्ये सगळे एकमेकांचं बघूनच सांगतायत.

प्रतिसाद १ (नाशिककर)

भाऊ, स्क्वेअर फूट फक्त मटेरियल मोजतो. फ्लेक्सला ते चालतं, कारण तिथं मशीन छापतं आणि आपण गुंडाळून देतो. कटिंगमध्ये माल स्वस्त आणि हात महाग, म्हणून आधी तुझ्या मिनिटाची किंमत काढ.

समजा गाळा भाडं ६,०००, लाईट १,५००, मशीनचा हप्ता २,५०० आणि तुझा स्वतःचा पगार २०,००० (हा धरायचाच, बहुतेक जण इथंच शून्य धरतात), म्हणजे महिना ३०,०००. दिवस २५, पण दुकान दहा तास उघडं असलं तरी हातात खरं काम पाचच तास असतं, बाकी वेळ गिऱ्हाईकाशी बोलण्यात, माल आणण्यात जातो. झाले १२५ तास, म्हणजे तासाला २४० आणि मिनिटाला ४ रुपये.

आता तुझंच दार घे. रेडियम आणि ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून लावायची टेप) मिळून फुटाला २० धर, १२० झाले. डिझाइन ४० मिनिटं, कटिंग आणि सोलणं सव्वा तास, जाऊन लावून येणं एक तास, एकूण १७५ मिनिटांचे ७००. बेरीज ८२०, वर २० टक्के नफा, म्हणजे हजाराच्या आसपास. ट्रॉलीचं बघ, १२० अधिक ४५ मिनिटांचे १८०, नफा धरून ३६०. म्हणजे ट्रॉलीवाल्याकडून तू थोडे जास्तच घेतोयस आणि दवाखान्याचं काम निम्म्याहून कमी पैशात करतोयस.

अजून एक, माल मोजताना डिझाइन नाही, रोल मोजायचा. नाव १४ इंच उंच असलं आणि शेजारी दुसरं काम बसत नसलं तर पूर्ण २४ इंचाचे पैसे लावायचे.

प्रतिसाद २ (डोंबिवलीहून)

मी घरून बाटल्यांची नावं आणि भिंतीचे स्टिकर करते. दादांचा हिशोब बरोबर आहे पण तो आपल्या वहीत ठेवायचा, गिऱ्हाईकाला मिनिटं सांगितली की घासाघीस सुरू होते. मी त्यावरून अक्षराच्या उंचीचे तीन भाव केलेत, एक इंचाखालचं, एक ते तीन इंच, आणि त्यावरचं. बारीक अक्षर महाग हे समोर नमुना ठेवला की लोकांना पटतं, दोन्ही हातात द्यायचे आणि हे कसं सोलतात ते दाखवायचं. कितीही लहान काम असलं तरी एक किमान रक्कम ठेवा, मशीन सेट करायला तेवढाच वेळ जातो. दहा नावं एकदम असतील तर मात्र नक्की सूट द्या, कारण एकाच शीटवर बसतात.

आणि कापायच्या आधी व्हॉट्सअॅपवर डिझाइन पाठवून "ओके" लिहून घ्या. नंतर स्पेलिंग बदललं तर नवीन पैसे, हे आधीच सांगायचं.

प्रतिसाद ३ (पिंपरीतला दुकानदार)

वरच्या दोघांशी सहमत. वेगळे लावायचे चार्ज सांगतो, जे लोक विसरतात. जुना स्टिकर काढणं, हीट गन मारून गोंद पुसेपर्यंत कधीकधी नवीन लावण्यापेक्षा जास्त वेळ जातो. व्हॉट्सअॅपवर आलेला पुसट लोगो परत ट्रेस करणं. आणि रिफ्लेक्टिव्ह (उजेड पडला की चमकणारं रेडियम), त्याचा माल महाग आणि ब्लेडही लवकर जातं, मी त्याला ६० डिग्रीचं ब्लेड वेगळं ठेवतो.

बुलेटच्या टाकीला साधं कॅलेंडर्ड व्हिनाइल (नेहमीचं स्वस्त रेडियम) लावत असशील तर वळणावर कडा उचलतात आणि गिऱ्हाईक परत येतं, ते फुकटचं काम रेटमध्ये कोण धरणार? तिथं कास्ट फिल्मच (वळणावर नीट बसणारं पातळ व्हिनाइल) सांग, भाव बराच वाढतो पण दोन्हीचे तुकडे दाखवून निवडू दे.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशिककर दादा, तुमच्या पद्धतीनं जुन्या पावत्या काढून बसलो, दवाखाने आणि काचांची बहुतेक कामं तोट्यात निघाली, मोठ्या अक्षरांवर दुकान चाललंय. ताईंचा उंचीचा तक्ता उद्याच छापून काउंटरवर लावतो.

एकच अडकलंय. एक इंटिरियरवाले आहेत, महिन्याला पाच-सहा काचा देतात, फ्रॉस्टेड (काच धूसर दिसणारी शीट) पण आणि अक्षरं पण, आणि त्यांना ७० चाच भाव पाहिजे कारण ते पुढं स्वतःचं मार्जिन लावतात. काम नियमित आहे, सोडवत नाही. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांची नावं आणि रिफ्लेक्टरची गर्दी होईल, त्याआधी त्यांच्याशी बोलायचंय. फ्रॉस्टेडला फुटाचा भाव तोच ठेवून फक्त बारीक अक्षरांचे वेगळे मागू, की फिटिंग त्यांच्या माणसाकडं देऊन तेवढा वेळ वाचवू? असे ठेकेदार ज्यांच्याकडं आहेत त्यांनी सांगा, तुम्ही त्यांना किती टक्के सोडता?