पाट्या वाचते, पण लिहिताना रफार आणि उकार चुकतो. काय करू?

चिऊची आई:
मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. मेट्रोत बसलो की सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचते, पण घरी बर्डी (नागपुरातलं सीताबर्डी) लिही म्हटलं की रफार ब वर, "र्बडी". पोळ्याच्या चित्राखाली "पोला" लिहिलं (घरात हिंदी-मराठी मिसळूनच बोलतो आम्ही), दूधचं नेहमी "दुध". शाळेतून चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून मागतात आणि आता वही काढली की रडून राहते. खूप वाईट वाटतं हो.

जुन्या बाई:
अगं, पहिले तिला जवळ घे. मी ३१ वर्षं पहिली-दुसरी शिकवली, असं लिहिणारं पोर कानानं नीट ऐकत असतं. ब म्हटल्यावर लगेच र ऐकू येतो म्हणून ती तो ब लाच देते! र बोलायचा ड च्या आधी आणि बसवायचा ड च्या डोक्यावर, हे दाखवल्याशिवाय कसं कळेल तिला? कि मध्येही तसंच, क आधी बोलतो पण वेलांटी बसते क च्या आधी. टाळ्या वाजवा, बर्-डी, दोन टाळ्या. मग ताटात रवा पसरून बोटानं ब काढायचा, डी काढायची, रफार सगळ्यात शेवटी डी वर. खुर्ची, सर्दी, बर्फी असे दोन टाळ्यांचेच शब्द घ्या आधी. ळ साठी जोड्या बोलून घ्या, काळा रंग आणि गोपाळकाल्यातला काला, जीभ कुठे वळते ते तिलाच सांगू दे.

महालवाला बाबा:
दूधचं मी असं केलं, नियम सांगितलाच नाही, जोडीनं वाचून घेतलं: दूध-दुधात, फूल-फुलाला, मीठ-मिठाचं. एकटा शब्द असला की दीर्घ, पुढे काही चिकटलं की ऱ्हस्व, ते पोरानं स्वतःच पकडलं. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, पण ते आत्ता काढूच नका.

जुन्या बाई:
जोड्या छान आहेत भाऊ, पण पहिलीत ऱ्हस्व-दीर्घासाठी लाल पेन नकोच. आधी पोराला मनातलं लिहू द्या.

चिऊची आई:
बाई, काल रवा घेतला. बर्फी तीनदा काढली, तिसऱ्यांदा रफार बरोबर फी वर. मग "आई मला बर्फी दे" असं आख्खं वाक्य वहीत स्वतःहून लिहिलं. उद्या वही घेऊन वर्गशिक्षिकेशी बोलते.